क्यू आधी, सोफा नंतर

कुर्ल्यात बिलियर्ड्स लाउंज काढणारा आधी सोफ्याचे रंग बघतो. बघावी मात्र क्यूची लांबी. ती साधारण ५८ इंच. स्नूकरचं मोठं टेबल १२ बाय ६ फुटांचं. हात मागे खेचायला चारही बाजूंनी ५ फूट सोडले की जागा २२ बाय १६ फुटांची लागते. खुर्च्या त्याबाहेर, आणि उंच. टेबलाचा काठच सुमारे ३४ इंचांवर. बुटक्या सोफ्यावरून चेंडू दिसणार कसे?

फर्निचरचा खरा वैरी दमटपणा. पार्टिकल बोर्ड म्हणजे गोंदात दाबलेल्या लाकडाच्या चिपा. स्वस्त बोर्डातला युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद पाण्याने सुटतो, दबलेल्या चिपा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. मरीन प्लायमधला फिनॉल-फॉर्मल्डिहाइड उकळत्या पाण्यातही टिकतो. शिक्का ‘आयएस ७१०’ बघा. महाग आहे, पण २६ जुलै २००५ला मिठी नदीचं पाणी कुर्ल्यात शिरलं होतं. तळमजल्यावर तर पाय लोखंडीच घ्यावेत, पावडर कोटिंग केलेले.

बिअर सांडणारच, म्हणून बैठकीला कापड नको, रेक्झिन बरं. ४२ इंची काउंटरला ३० इंची स्टूल, पण पाय टेकायला दांडी हवी. लोंबत्या पायांनी मांडीखालची नस दबते आणि दुसऱ्या डावाआधीच मुंग्या येतात.