दुकानातला संगणक : डागडुजी केव्हा, बदल केव्हा?

गेवराईच्या बाजारपेठेत वही-खतावणीच्या जोडीला आता संगणक आला आहे. कापसाचे व्यापारी, आडते, कृषी केंद्रवाले, छपाईवाले अशा कितीतरी जणांची बिले आणि जीएसटीचे काम त्याच्यावर चालते. यंत्राला वेळेवर तेलपाणी लागते, हे आपल्या कारागिरांना सांगावे लागत नाही. संगणकाच्या पोटात चालणाऱ्या मूळ प्रणालीलाही मुदत असते, हे मात्र फार थोडे व्यापारी बांधव ध्यानात घेतात.

ही मुदत म्हणजे काय? नव्या आवृत्तीत पुढे छिद्रे सापडतात. ती किती वर्षे बुजवून देणार, याची मुदत कंपनी जाहीर करते. त्यालाच सपोर्ट म्हणतात. तो संपल्यावर संगणक बंद पडत नाही, पूर्वीसारखाच चालतो, आणि म्हणूनच माणूस गाफील राहतो. त्यानंतर सापडलेले छिद्र उघडेच राहते.

यात मोठ्यांचीही गत वेगळी नाही. विंडोज एक्सपी २००१ साली आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिचा सपोर्ट संपला. तरी देशातली पुष्कळ एटीएम यंत्रे तिच्यावरच चालत राहिली. अखेर जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना टप्पे आखून दिले : सप्टेंबरपर्यंत निदान पाव यंत्रे बदला, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण आणि जूनपर्यंत सर्व. म्हणजे सपोर्ट संपल्यानंतर पाच वर्षांनी! ज्यांच्याकडे संगणकाचे स्वतंत्र खाते असते, त्यांची ही तऱ्हा.

दिरंगाईची किंमत काय पडते, ते जून २०१७ मध्ये न्हावा-शेवा बंदरात दिसले. नॉटपेट्या नावाच्या विषाणूने तिथल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. हा विषाणू ज्या वाटांनी पसरला त्यांतल्या एका छिद्राची डागडुजी मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. गंमत अशी की, युक्रेनमध्ये तो शिरला तो एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. पुढे १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले.

तेव्हा अपडेटला घाबरणारा व्यापारी अगदीच चुकत नाही. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरक्षेची लहान डागडुजी आठवड्याच्या आत करून घ्यावी. आधी खात्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी आणि ती डिस्क सोडवून ठेवावी. संपूर्ण नवी आवृत्ती मात्र आल्या आल्या घेऊ नये. सहा महिने-वर्ष इतरांचा अनुभव पाहावा, आणि जुनीची मुदत संपण्याच्या वर्षभर आधी बदल उरकावा. ज्या आवृत्तीला निदान पाच वर्षे सपोर्ट नाही, ती धंद्यासाठी घेऊच नये, असे आमचे मत आहे. फुकट मिळणाऱ्या उबंटूत हा फरक स्पष्ट आहे : दर दोन वर्षांनी येणाऱ्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे, मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने.

बदलाचा महिनाही पाहून ठरवावा. कापूसवाल्याने ऐन हंगामात, कृषी केंद्रवाल्याने जूनमध्ये, कापडवाल्याने ईद-दिवाळीच्या तोंडावर हे काम काढू नये. मार्च तर कोणालाच नको.

सध्याचा प्रश्न विंडोज १० चा आहे. तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. बरेच जुने संगणक विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत. म्हणून सेकंडहँड संगणक घेताना किमतीआधी तो त्या अटीत बसतो का, हे विचारावे.

वजनकाट्याला किंवा भरतकामाच्या यंत्राला जोडलेला जुना संगणक पुष्कळदा बदलताच येत नाही, कारण यंत्राचे सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर चालत नाही. तो खुशाल चालू द्यावा; मात्र त्याची इंटरनेटची तार काढून टाकावी आणि कोणाचाही पेनड्राइव्ह त्याला लावू देऊ नये.