उतरताना वेग जास्तही नको, कमीही नको

सेसना १७२ हे जगात सर्वाधिक संख्येने बनलेले विमान. १९५६ पासून आजवर अशी ४४ हजारांहून अधिक विमाने तयार झाली. भारतातही वैमानिक होऊ पाहणारी अनेक मुलं-मुली याच चार आसनी विमानावर हात बसवतात. आकाशात जाणं त्यांना लवकर जमतं. घाम फुटतो तो उतरताना.

धावपट्टी समोर दिसू लागली की नवशिक्याची नजर तिच्यावरच खिळते आणि वेगदर्शक काट्याकडे दुर्लक्ष होतं. सेसना १७२ एस हे मॉडेल पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, पूर्ण उघडून उतरताना साधारण ६० ते ७० नॉट, म्हणजे ताशी १११ ते १३० किलोमीटर वेगाने धावपट्टीकडे यावं, असं त्याची नियमपुस्तिका सांगते. याच स्थितीत काटा ४० नॉटच्या आसपास आला की पंखांवरची हवा नीट वाहत नाही, उचल कोसळते आणि विमान ‘स्टॉल’ होतं. हजारो फुटांवर यातून सावरता येतं. जमिनीपासून दोनशे फुटांवर तेवढी उंचीच हाताशी नसते.

मग थोडा वेग जास्तच ठेवला तर? इथेच अनेकजण फसतात. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ६५ ऐवजी ७५ नॉटने आलेल्या विमानात एक तृतीयांश ऊर्जा जास्त असते. ती कुठेतरी खर्च व्हायला हवी. जमिनीलगत पंखांवरचा हवेचा अवरोध कमी होत असल्याने विमान टेकायचं नाव घेत नाही, तरंगत राहतं आणि पायाखालून धावपट्टी निसटत जाते. वैतागून नाक खाली दाबलं, तर पुढचं नाजूक चाक आधी आपटतं आणि विमान उसळ्या मारू लागतं.

वारा झोत मारत असेल, तर मात्र थोडा वेग वाढवण्याचा रिवाज आहे. वारा १० नॉटचा आणि झोत २० पर्यंत जात असतील, तर फरकाच्या निम्मे, म्हणजे ५ नॉट वाढवायचे.

दुसरी चूक थ्रॉटलची. सेसनाच्या पॅनेलवर मधोमध एक काळी मूठ असते; आत ढकलली की इंजिनाची शक्ती वाढते, बाहेर ओढली की घटते. विमान धावपट्टीआधीच खाली बसतंय असं दिसलं, की नवशिक्या नाक वर उचलतो. त्याने वेग पडतो आणि विमान आणखी झपाट्याने खाली येतं. वैमानिक वुल्फगँग लांगेविशे यांनी १९४४ सालच्या ‘स्टिक अँड रडर’ या पुस्तकात हे कोडं सोपं करून मांडलं: वेग सांभाळायचा तो नाकाच्या कोनाने, उंची सांभाळायची ती थ्रॉटलने. म्हणूनच प्रशिक्षक उजवा हात थ्रॉटलवरून हलू देत नाहीत. उंची कमी पडली तर मूठ थोडी आत, जास्त झाली तर थोडी बाहेर. तीही झटक्याने नव्हे.

एवढं करूनही घडी बसली नाही, तर १७२ एसच्या नियमपुस्तिकेत उपाय स्पष्ट दिलेला आहे: थ्रॉटल पूर्ण आत, फ्लॅप २० अंशांवर, ६० नॉटने चढाई आणि मग नव्याने फेरी.