सह्याद्रीची उंची, वनस्पती आणि शब्द



‘रान’ आणि ‘जंगल’ हे शब्द आपण बहुधा एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः ‘रान’ हा शब्द संस्कृत ‘अरण्य’पासून आला, ‘जंगल’चे मूळ ‘जांगल’ असून त्याचा जुना अर्थ कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश असा होता. एकाच शब्दाने सारी वनश्री सांगता येत नाही, हे पाहण्यासाठी कोकणातून सह्याद्री चढून जाऊ.

खाडीकाठच्या खाजणात तिवरांची खारफुटी आढळते. घाटाच्या पायथ्याशी साग, ऐन, किंजळ, खैर यांची पानझडी वने आहेत. वर चढावे तशी पानगळ कमी होत जाते. महाबळेश्वरच्या माथ्यावर, सुमारे १३५० मीटर उंचीवर, जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांचे सदाहरित वन लागते. वाऱ्यामुळे येथील झाडे ठेंगणी राहतात. धुक्यामुळे खोडांवर शेवाळ आणि आमऱ्या वाढतात.

हा बदल केवळ उंचीमुळे होतो काय? तसे नाही. पाचगणी महाबळेश्वरहून फारशी खाली नाही आणि अंतरही जेमतेम १८ किलोमीटर आहे. तरीही पर्जन्यछायेमुळे तेथे महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी पाऊस पडतो आणि वनस्पती बदलतात. उंची, पाऊस, वारा आणि माती यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

मातीचे महत्त्व ‘सडा’ या शब्दातून कळते. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट पठार. तेथे माती इतकी पातळ असते की मोठे झाड रुजत नाही. म्हणून उन्हाळ्यात सडा ओसाड भासतो. पावसाळ्यात मात्र तेथे तेरडा, गेंद, सीतेची आसवे आणि कीटकभक्षी दवबिंदू उमलतात. असेच कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात समाविष्ट झाले.

‘सडा’ म्हणणाऱ्याला ही जमीन ऋतूंसह दिसते. ‘पडीक’ म्हणणाऱ्याला ती खणण्यास वा बांधकामास मोकळी वाटते. शब्द हरवला की त्यामागील निरीक्षणही हरवते, आणि मग जमिनीचे रक्षण करणे कठीण होते.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील जमीन व झाडी यांचे भेद दर्शवणारे पाच शब्द वडीलधाऱ्यांकडून मिळवा आणि प्रत्येकाचा अर्थ दोन वाक्यांत लिहा.