हवेतला नायट्रोजन शेतात कसा येतो?



दहावीच्या वर्गात हवेतील घटक शिकवताना एका विद्यार्थिनीने प्रश्न केला, "सर, हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे आणि तो फुकट आहे. मग शेतकरी युरियाची गोणी विकत का आणतो?" तास संपत आला होता आणि उत्तर मात्र दोन मिनिटांत संपणारे नव्हते. प्रश्न इतका चांगला होता की त्याचे उत्तर सर्वांसाठी येथे देत आहोत. पालकांनीही ते मुलांबरोबर वाचावे, अशी विनंती.

नायट्रोजन आहे, पण बांधलेला

हवेतील नायट्रोजनचे अणू जोडीजोडीने राहतात आणि प्रत्येक जोडी तीन बंधांनी घट्ट बांधलेली असते. हा तिहेरी बंध तोडणे वनस्पतींना जमत नाही. त्यांना नायट्रोजन हवा असतो तो संयुगाच्या रूपात, म्हणजे अमोनियम किंवा नायट्रेट या स्वरूपात. निसर्गात हे काम थोडेफार वीज करते आणि बरेचसे जमिनीतील जिवाणू करतात. हरभरा, तूर, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींमध्ये असे जिवाणू असतात. पिकांच्या फेरपालटीत कडधान्य घ्यावे, हे आपल्या शेतकऱ्यांचे जुने शहाणपण याच कारणाने खरे ठरते.

पण लोकसंख्या वाढली तसा हा साठा अपुरा पडू लागला. एकोणिसाव्या शतकात युरोपातील देश दक्षिण अमेरिकेतील चिली देशातून जहाजे भरभरून सोरा आणत. १८९८ साली इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ सर विल्यम क्रूक्स यांनी जाहीर इशारा दिला, की हा साठा कधीतरी संपेल आणि गव्हाचा तुटवडा पडेल. हवेतील नायट्रोजन बांधून वापरण्याची युक्ती रसायनशास्त्रज्ञांनी शोधलीच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

वेग हवा की उत्पादन?

समीकरण पाठ्यपुस्तकात आहेच. नायट्रोजनचा एक रेणू आणि हायड्रोजनचे तीन रेणू मिळून अमोनियाचे दोन रेणू होतात. वजनात सांगायचे तर २८ किलो नायट्रोजन आणि ६ किलो हायड्रोजन यांपासून ३४ किलो अमोनिया. कागदावर हे सोपे दिसते. अडचण अशी, की ही अभिक्रिया उलटही होते. तयार झालेला अमोनिया पुन्हा फुटून त्याचे मूळ वायू होतात.

आता ल शातेलिएचे तत्त्व आठवा. चार रेणूंचे दोन होतात, म्हणजे वायूचे आकारमान घटते. म्हणून दाब वाढवला तर अमोनिया जास्त मिळतो. अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते. म्हणून तापमान कमी ठेवले तरीही अमोनिया जास्त मिळतो. मग सगळे थंडच का ठेवू नये? कारण थंडपणी तो तिहेरी बंध तुटतच नाही. अमोनिया मिळायचा तो भरपूर, पण वाट पाहायची किती? तापवले तर काम झपाट्याने होते, पण हाती येणारा अमोनिया घटतो.

यातून मार्ग निघतो तो उत्प्रेरकामुळे. येथे परीक्षेत नेहमी होणारी एक चूक सांगतो. उत्प्रेरक अमोनियाचे प्रमाण वाढवत नाही. तो फक्त समतोलापर्यंत लवकर पोहोचवतो. त्यामुळे फार न तापवताही काम उरकते. कारखान्यात साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या दीडशे ते अडीचशे पट दाब ठेवतात. ही तडजोड आहे, आणि ती विचारपूर्वक केलेली आहे.

प्रयोगशाळेतून कारखान्यात

जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे फ्रिट्झ हेबर यांनी सहकारी रॉबर्ट ल रोसिन्योल यांच्या मदतीने हे प्रथम साधले. जुलै १९०९ मध्ये त्यांनी बीएएसएफ कंपनीच्या प्रतिनिधींना आपले उपकरण दाखवले. अमोनिया थेंबाथेंबाने पडत होता. त्यांचा उत्प्रेरक ऑस्मियम हा अतिदुर्मीळ धातू होता. बीएएसएफमध्ये आल्विन मिटाश यांनी स्वस्त पर्यायासाठी हजारो चाचण्या घेतल्या आणि शेवटी लोहच उपयोगी पडले. त्यात ॲल्युमिना आणि पोटॅशियमची संयुगे अल्प प्रमाणात मिसळावी लागतात.

दुसरी अडचण नळ्यांची होती. तापलेला हायड्रोजन पोलादात शिरून त्यातील कार्बन काढून घेई. पोलाद ठिसूळ होऊन नळी फुटे. कार्ल बॉश यांनी आत कार्बन नसलेल्या मऊ लोखंडाचे अस्तर आणि बाहेर मजबूत पोलादाचे कवच, अशी रचना केली. अस्तरातून झिरपणारा हायड्रोजन निघून जावा म्हणून कवचाला बारीक भोके ठेवली. १९१३ साली ओपाऊ येथे पहिला कारखाना सुरू झाला.

आजच्या कारखान्यात काय घडते?

आपल्या बडोद्याजवळ फर्टिलायझरनगरला जी.एस.एफ.सी.चा कारखाना आहे. १९६२ साली ही कंपनी स्थापन झाली आणि १९६७ मध्ये उत्पादन सुरू झाले. आपल्यापैकी अनेकांनी तिथली धुराडी येता-जाता पाहिली असतील. नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या अमोनिया कारखान्यातील कामाचा क्रम असा असतो :

१. वायूतील गंधक काढून टाकतात, कारण गंधकाने उत्प्रेरक निकामी होतो.
२. निकेलच्या उत्प्रेरकावर वायू आणि वाफ तापवून हायड्रोजन मिळवतात.
३. पुढच्या भट्टीत हवा सोडतात. हवेतील ऑक्सिजन जळून जातो आणि हवा असलेला नायट्रोजन आपोआप मिश्रणात राहतो.
४. विषारी कार्बन मोनॉक्साइडचे वाफेच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइड करतात आणि तो वेगळा काढतात. उरलासुरला अंश मिथेनमध्ये बदलतात.
५. शुद्ध मिश्रण दाबून लोहाच्या उत्प्रेरकावरून नेतात.

एका फेरीत साधारण १५ ते २० टक्के वायूंचाच अमोनिया होतो. मग बाकीचे वाया जातात का? नाही. मिश्रण थंड केले की अमोनियाचा द्रव होतो आणि तो बाजूला काढता येतो. उरलेले वायू पुन्हा फिरवतात. चौथ्या पायरीत निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचा अमोनियाशी संयोग करून युरिया बनवतात.

दुसरी बाजू

हा शोध सांगताना अर्धीच गोष्ट सांगणे बरोबर नाही. अमोनियापासून नायट्रिक आम्ल आणि त्यापासून स्फोटकेही होतात. पहिल्या महायुद्धात चिलीचा सोरा बंद झाल्यावर जर्मनीचा दारूगोळा याच पद्धतीवर चालला. त्याच हेबर यांनी १९१५ मध्ये ईप्र येथे क्लोरीन वायूच्या हल्ल्याची आखणी केली. त्यांना १९१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा पुष्कळांनी नापसंती दाखवली. पुढे १९२१ साली ओपाऊ येथेच खताच्या साठ्याचा स्फोट होऊन पाचशेहून अधिक माणसे मेली.

आज जगात वर्षाला सुमारे १८ कोटी टन अमोनिया तयार होतो. जगातील जवळजवळ निम्म्या लोकांचे अन्न या नायट्रोजनवर अवलंबून आहे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पण त्यासाठी प्रचंड इंधन जळते आणि हवेत कार्बन डायऑक्साइड जातो. शेतात टाकलेल्या युरियाचा मोठा भाग पिकाला न लागता पाण्यात आणि हवेत जातो, विहिरींतील नायट्रेट वाढते. म्हणून आता पाण्याचे विद्युत अपघटन करून, सौर किंवा पवन ऊर्जेने हायड्रोजन मिळवण्याचे प्रयत्न चालू आहेत. हे काम अपुरे आहे, आणि ते तुमच्या पिढीकडे येणार आहे.

त्या विद्यार्थिनीला आता उत्तर देता येईल. हवेतील नायट्रोजन फुकटच आहे. त्याचे बंध तोडायला जी उष्णता, जो दाब आणि जे इंधन लागते, त्याची किंमत गोणीवर असते. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी या सुट्टीत एक करावे. एकरी किती युरिया टाकतात आणि त्या शेतात मागच्या वेळी कडधान्य होते का, हे घरी विचारून वहीत लिहून आणावे. शाळा उघडल्यावर आपण वर्गात त्यावर बोलू.