शाळेंतून आलेली चिठ्ठी

शाळेंत मुलांची वैद्यकीय तपासणी झाली म्हणजे आरोग्यरक्षणाचें काम संपलें, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनहि आढळते. वास्तविक त्या दिवशीं कामाचा केवळ पूर्वार्ध होतो. डॉक्टर दोष हेरतात, परिचारिका त्याची नोंद करून एक चिठ्ठी मुलाच्या हातीं देते, आणि ती चिठ्ठी दप्तरांतून घराकडे निघते. उत्तरार्ध घरीं व्हावयाचा असतो. तो होतो कीं नाहीं यावर त्या मुलाचा डोळा, कान, क्वचित् प्रसंगीं प्राणहि अवलंबून असतो.

मीरा-भाईंदरसारख्या शहरांत ही गोष्ट विशेष विचारांत घेण्याजोगी आहे. एके काळीं मिठागरें, भातशेती व कोळीवाडे यांचा हा मुलूख. येथें १९८५ सालीं नगरपरिषद झाली, २००२ सालीं महानगरपालिका आली, आणि २०११ च्या खानेसुमारींत वस्ती आठ लक्षांवर गेल्याचें दिसून आलें. येथील असंख्य आईबाप सकाळच्या गाडीनें मुंबईस कामाला जातात, ते दिवेलागणीनंतर परततात. मूल दुपारीं शेजारच्या काकूंकडून किल्ली घेऊन घर उघडतें. अशा वेळीं चिठ्ठी द्यावयाची कोणाच्या हातीं? बहुधा ती दप्तराच्या तळाशीं पेन्सिलीच्या तुकड्यांबरोबर पडून राहते.

ही अडचण आजची नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं न्यूयॉर्क शहरांत डॉक्टर शाळांतून फिरत, आणि गजकर्ण, खुपऱ्या असे संसर्गजन्य विकार असलेल्या मुलांना घरीं पाठवीत. घरीं त्यांच्यावर उपचार कोणीच करीत नसे. शाळा सुटली म्हणजे तींच मुलें त्याच सोबत्यांशीं रस्त्यावर खेळत. रोग हटेना, हजेरी मात्र घटत चालली. तेव्हां लिलियन वाल्ड या परिचारिकेच्या पुढाकारानें १९०२ सालीं लीना रॉजर्स या परिचारिकेची चार शाळांसाठीं प्रयोगादाखल नेमणूक झाली. तिनें किरकोळ विकारांवर शाळेंतच मलमपट्टी केली, आणि मुलांच्या घरीं जाऊन त्यांच्या आयांना उपचार समजावून दिले. गैरहजेरी इतक्या झपाट्यानें उतरली कीं, शहरानें लौकरच आणखी परिचारिका नेमल्या. तपासणी पूर्वींहि होतच होती. नवें होतें तें शाळा व घर यांना जोडणारें माणूस.

भारतांत शाळेंतील मुलांची वैद्यकीय तपासणी प्रथम १९०९ सालीं बडोदें शहरांत झाली. त्या संस्थानांत सक्तीचें प्राथमिक शिक्षण सुरू झालेलें होतें. मुलांना सक्तीनें वर्गांत बसवावयाचें, तर तीं बसण्याजोगीं निकोप आहेत कीं नाहींत हें पाहणें ओघानेंच आलें. तरीहि १९४६ च्या भोर समितीला देशांत शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहींच असें दिसून आलें.

आजची व्यवस्था त्या मानानें बरीच पुढें गेली आहे. भाईंदरच्या खाडीपलीकडे, त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांतच असलेल्या पालघर येथें ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात दोष, पोषणांतील उणिवा, बालवयांतील रोग व वाढींतील विलंब हे चार वर्ग त्यांत तपासले जातात. पथकांत दोन डॉक्टर, एक परिचारिका व एक औषधनिर्माता असावा, आणि अंगणवाडींत वर्षांतून दोनदां, तर सरकारी व अनुदानित शाळांत एकदां तपासणी व्हावी, अशी ही योजना आहे. पुढील उपचार, प्रसंगीं हृदयावरील शस्त्रक्रियासुद्धां, मोफत करून देण्याची तरतूद आहे. परंतु वर्षांतून एकदां येणारें पथक प्रत्येक घरीं जाऊं शकत नाहीं. लीना रॉजर्सनें घरोघर जाऊन जें काम केलें, तें येथें पालकांवर येऊन पडतें. ज्यांचीं मुलें विनाअनुदानित खासगी शाळांत शिकतात, त्यांची जबाबदारी तर अधिकच आहे. शाळेंत तपासणी होते काय, ती कोण करतें, आणि नोंद कोणास मिळते, हें त्यांनीं प्रवेशाच्या वेळींच विचारून घ्यावें. फी किती हें जो विचारतो, त्यानें हेंहि विचारण्यांत संकोच मानण्याचें कारण नाहीं.

चिठ्ठींत येणाऱ्या शेऱ्यांचा अर्थ समजून घेतला पाहिजे. पहिला शेरा डोळ्यांचा. मूल फळ्यावरील अक्षरें चुकीचीं उतरवून घेतें, पुस्तक नाकाशीं धरतें, आणि घरीं निष्काळजी म्हणून बोल खातें. त्याहून फसवा प्रकार एकाच डोळ्याच्या मंद दृष्टीचा. दुसरा डोळा चांगला असल्यामुळें मुलाला स्वतःला कांहींच उणें वाटत नाहीं, आणि मेंदू मंद डोळ्याकडून येणारें चित्र हळूहळू टाकून देऊं लागतो. सात-आठ वर्षांच्या आंत चष्मा व उपचार मिळाले, तर ही दृष्टि बहुधा सुधारते. पुढें तें फार कठीण होतें. "एवढ्यांत चष्मा कशाला? त्यांतून मुलीची जात!" अशा विचारानें दवडलेलें वर्ष मागाहून कोणत्याहि किंमतीला परत मिळत नाहीं.

दुसरा शेरा घशाचा व हृदयाचा. घसा दुखून ताप येणें ही मुलांची नेहमींची तक्रार असून बहुतेक वेळां ती आपोआप बरी होते. परंतु स्ट्रेप्टोकोकस नांवाच्या जंतूमुळें आलेली घशाची सूज उपचारावांचून राहिली, तर पांच ते पंधरा वर्षांच्या कांहीं मुलांना दोन-तीन आठवड्यांनीं सांधे सुजून ताप येतो. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपांना कायमची इजा पोंचूं शकते. म्हणून डॉक्टरांनीं अशा वेळीं दिलेलें औषध सांगितल्या दिवसांपर्यंत पुरें करावें. ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशींच तें फडताळांत ठेवूं नये. 'हृदय तपासून घ्यावें' असा शेरा आला, तर मूल उड्या मारीत आहे एवढ्यावरून निर्धास्त होऊं नये. या रोगानें एकदां आजारी पडलेल्या मुलाला पेनिसिलिनचीं इंजेक्शनें नियमानें दिलीं, तर रोग पुन्हां उलटणें टळतें.

तिसरा शेरा रक्तक्षयाचा. दहा वर्षांवरील मुलांना आठवड्यास एक निळी व लहानांना गुलाबी अशी लोहाची गोळी देण्याची योजना आहे. पुष्कळ मुलें ती गुपचूप फेकून देतात, कारण तिनें पोट बिघडतें असें घरींच ऐकलेलें असतें. उपाशीपोटीं घेतल्यास मळमळतें हें खरें. जेवणानंतर घेतल्यास सहसा तसें होत नाहीं. शौचास काळसर होतें, तें निरुपद्रवी आहे. गोळीच्या आगेंमागें चहा देऊं नये, कारण त्यानें लोह अंगीं लागत नाहीं. लिंबू व आवळा यांनीं तें लागतें. फेब्रुवारी व ऑगस्ट महिन्यांतील जंतांची गोळीहि चुकवूं नये. आंतड्यांतील कृमि रक्त शोषीत असतां नुसतें लोह देत राहणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय.

घरूनहि शाळेला चिठ्ठी गेली पाहिजे. मुलाला दमा आहे, फिट येतात, इन्सुलिन चालू आहे, एखादें औषध सोसत नाहीं, या गोष्टी कित्येक पालक लाजेनें लपवितात. फिट आलेल्या मुलाला कांदा हुंगवीत बसूं नये. त्याला कुशीवर वळवावें, तोंडांत कांहीं घालूं नये, आणि पांच मिनिटांत फिट थांबली नाहीं तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. हें शिक्षकाला आधीं ठाऊक असेल, तरच तो गोंधळून जाणार नाहीं. तसेंच कांजिण्यांच्या सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत, आणि गोंवराचें पुरळ उठल्यापासून निदान चार दिवस, मुलाला घरींच ठेवावें, मग परीक्षा कां असेना.

प्रगतिपुस्तक आलें म्हणजे तें वाचून, सही करून परत पाठविण्याची शिस्त बहुतेक प्रत्येक घरीं आहे. आरोग्याच्या चिठ्ठीलाहि तोच मान मिळावा. रात्रीं दप्तर भरतांना ती मागून घ्यावी, आठ दिवसांच्या आंत डॉक्टरांना दाखवावी, आणि काय उपचार झाला हें मागील बाजूस लिहून परिचारिकेकडे किंवा वर्गशिक्षकांकडे परत पाठवावी. गणितांत कमी पडलेले गुण पुढच्या वर्षीं भरून काढतां येतात. वेळेवर न पाहिलेल्या डोळ्याचें तसें नाहीं.