वाड्यात पुरलेलं लहानपण

शेवगावजवळचं अमरापूर महाराष्ट्रभर पोचलं ते एका नटाच्या आडनावातून. सदाशिव अमरापूरकरांना ‘अर्धसत्य’मधल्या (१९८३) रामा शेट्टीने नाव दिलं आणि हिंदी पडद्याने पुढे त्यांना बहुतेक वेळा खलनायकीतच अडकवलं. ‘वास्तुपुरुष’मधले (२००२) अमरापूरकर मात्र फारसे कुणाला आठवत नाहीत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. बालपणीच्या न उलगडलेल्या आठवणीचा माग रहस्यपटातून काढायचा, तर सुरुवात इथूनच करावी.

त्यात खून नाही, पोलीस नाहीत. नामवंत झालेला एक डॉक्टर आपल्या जुन्या वाड्यात परततो आणि त्याच्या लहानपणीचं घर पुन्हा उभं राहतं. कुळकायद्यात जमिनी गेलेल्या, पण जमीनदारी ताठा न गेलेल्या घरात सोनं पुरलंय, असा समज आहे. त्यासाठी जमीन उकरली जाते. मुलगा बघत असतो. मोठ्यांचं अर्धवट बोलणं कानावर पडतं, अर्थ कुणी सांगत नाही. रहस्यपटाला याहून जास्त काय लागतं?

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ने (२०१८) हाच ऐवज भयाकडे नेला. चित्रपट हिंदी, पण हाडामांसाने मराठी. नारायण धारपांच्या कथेचं ऋण त्यावर आहे. १९१८ साली लहानग्या विनायकवर साखळदंडात ठेवलेल्या म्हातारीला रात्री एकट्याने जेवू घालण्याची पाळी येते. पंधरा वर्षांनी तो परततो, तेव्हा म्हातारीच्या अंगातून झाड उगवलेलं असतं आणि ती अजून जिवंत असते. ही म्हातारी साकारली मोहम्मद समद या पोरसवदा नटाने. पुढे विनायकच्या मुलाची भूमिकाही त्याचीच! बापाच्या बालपणातली भीती आणि त्याचा मुलगा, दोघांचा देह एकच. या निवडीइतकं नेमकं भाष्य संवादांनाही साधलेलं नाही.

हिचकॉकच्या ‘स्पेलबाउंड’मध्ये (१९४५) उलट घडतं. घसरगुंडीच्या खेळात आपल्या हातून भाऊ गेला, हे नायकाला आठवतं आणि मनाची गाठ एका क्षणात सुटते. त्यातलं स्वप्नदृश्य साल्वादोर दालीने रचलंय, ते आजही बघावं असं. पण आठवण म्हणजे कुलूपबंद पेटी आणि किल्ली मिळाली की आतला माल जसाच्या तसा, ही समजूत टिकणारी नाही.

मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी १९९५मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ जणांना त्यांच्या लहानपणचे प्रसंग वाचायला दिले. त्यात एक बनावट होता : पाचेक वर्षांचे असताना तुम्ही बाजारसंकुलात हरवला होतात. जवळपास एक चतुर्थांश लोकांना तो पूर्ण किंवा अंशतः ‘आठवला’. खरेपणाचा भास आणि खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून नायकाला शेवटी सगळं लख्ख आठवतं, असा रहस्यपट सोपी वाट धरतो. नायकाला आठवतंय ते घडलंच होतं का, हा प्रश्न जास्त थरारक आहे.

असा चित्रपट शेवगावात सहज घडू शकतो. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे आणि १९७०च्या दशकात पैठणला जायकवाडी धरण उभं राहिल्यावर तिथे नाथसागर जलाशय पसरला. नदीकाठच्या गावांना उठावं लागलं. तेव्हा सात-आठ वर्षांची असलेली मुलं आज साठीच्या आसपास आहेत. समजा, त्यांच्यातल्या दोघा भावंडांना गाव सोडतानाची एकच रात्र वेगवेगळी आठवते. ताईच्या आठवणीत घरातला एक माणूस मागे राहिला, भाऊ म्हणतो तो आधीच गेला होता. पडताळायला घर नाही, ते पाण्याखाली. हाताशी आहेत ते भूसंपादनाचे निवाडे, जुने सातबारे, फेरफाराच्या नोंदी. त्यात मोबदला कुणाच्या नावावर निघाला ते सापडेल, पण त्या रात्री ओट्यावर कोण बसलं होतं, ते तलाठ्याच्या कुठल्याच वहीत नसणार. पटकथेने तपासाला लागावं ते इथून.