हॉप्सच्या जाती : कडूपणा आणि गंध

बिअरला कडूपणा आणि गंध देणारे हॉप्स म्हणजे ह्यूम्युलस ल्युप्युलस या वेलीच्या मादी झाडावर येणारे पोपटी, शंकूच्या आकाराचे फुलोरे. ही वेल भांगेच्या कुळातली खरी, पण भांगेची नशा तिच्यात नाही. फुलोरा उकलला की पाकळ्यांच्या बुडाशी हळदीसारखी पिवळी, चिकट भुकटी दिसते. तिला ल्युप्युलिन म्हणतात आणि हॉप्सच्या जातीजातींमधला फरक मुख्यतः तिच्यातच असतो. या भुकटीतील अल्फा आम्ले मोड आलेल्या सातूच्या गोड काढ्यात तासभर उकळली की त्यांची रचना बदलून ती कडू होतात. उलट तिच्यातली सुगंधी तेले तेवढ्या वेळात वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कडूपणासाठीचे हॉप्स उकळीच्या आरंभी घालतात आणि गंधासाठीचे, आमटीवर कोथिंबीर घालावी तसे, अगदी शेवटी.

जातींची तुलना बहुधा अल्फा आम्लाच्या टक्केवारीने केली जाते. जर्मनीतील मॅग्नम या जातीत ती 12 ते 14, तर चेकियातील झातेच गावच्या साझमध्ये साधारण 3 ते 4.5 टक्के असते. म्हणजे तेवढ्याच कडूपणासाठी साझ तिपटीहून अधिक लागतो. निव्वळ हिशेब पाहिला तर साझ केव्हाच मागे पडायला हवा होता. परंतु 1842 साली प्लझेन येथे तयार झालेल्या सोनेरी पिल्सनर बिअरची ओळखच त्याच्या सौम्य, मसालेदार, गवताची आठवण करून देणाऱ्या गंधाशी जोडली गेली, आणि तो गंध टक्केवारीत मोजता येत नाही.

कॅस्केडची गोष्ट वेगळी आहे. इंग्लंडच्या फगल जातीचा वारसा असलेला हा वाण अमेरिकेच्या ओरेगन राज्यात पैदा केला गेला आणि 1972 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. त्याचा फुलोरा तळहातावर चोळला की पपनसाच्या सालीसारखा वास दरवळतो. युरोपीय चवीला हा वास आगाऊ वाटावा असाच. तरीही सिएरा नेवाडा या अमेरिकी बिअर कंपनीच्या पेल एल या बिअरमुळे 1980 नंतर तोच अमेरिकी बिअरची खूण बनला आणि पुढे सिट्रासारख्या, आंब्याच्या गंधाकडे झुकणाऱ्या जातींना वाट मिळाली. साझचे मळे मात्र झातेचच्या परिसरात आजही आहेत. 2023 मध्ये युनेस्कोने त्या भूप्रदेशाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.